अनंकिता

यमूआत्याच्या राजकन्येला चेहरा नव्हता.
दोनशे पानी वहीत, चौकटीमागून चौकट,
वेणी होती, कानात बुगडी, खांद्यावर शेला,
आणि मधे कोरा कागद, पोलक्याच्या बटणाएवढा.
मी स्केचपेन घेऊन बसले की म्हणायची,
"तेवढं सोडून रंगव."

दिवसभर ती नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजायची.
सुटताना फाटकावर डबा उघडून दाखवायचा,
छत्री उघडून दाखवायची, अंबाडासुद्धा.
"कोरा कपटा निघाला तरी नोकरी गेली,"
असं पुटपुटत जेलरोडच्या घरात शिरायची
आणि चहा उकळायच्या आत टाक दौतीत.

गोष्ट अशी होती:
फार मागे एका राजाची नाणी दुसऱ्या राजाने गोळा केली.
वितळवली नाहीत, कंटाळा असेल किंवा घाई,
त्यांच्यावरच आपला छाप ठोकला.
खाली दबलेल्या चेहऱ्याचे लोक मेले नाहीत.
ते तांबट आळीत राहायला आले,
कारण तिथे इतकी ठोकाठोक
की दरबार भरला तरी शेजारी कळत नाही.
महाराज हंड्यांचे पोचे काढतात.
युवराज कल्हई करतो, दोन रुपये जास्त लावतो.
महाराणी कुणालाच आधी नमस्कार करत नाही, एवढीच काय ती खूण.
आणि धाकटी अनंकिता,
तिने बोट लावलं की वरचा छाप गळतो,
खालचा माणूस वर येतो.

अंक तिसरा. शालिमारला तिने कंडक्टरच्या खांद्याला हात लावला
आणि त्याच्यातून एक पोहणारा निघाला,
तिकिटांची पेटी रामकुंडाच्या पायरीवर ठेवून
प्रवाहाविरुद्ध थेट होळकर पुलापर्यंत.
अंक पाचवा. एका फौजदारातून त्याची आई निघाली,
तिने कोठडीतल्या सगळ्यांना आधी जेवायला बसवलं.

खलनायकाचं नाव शिक्कामोर्तब.
तळहाताच्या जागी रबरी ठसा, श्वासाला लाखेचा वास.
अकराव्या अंकात गोदावरीला पूर,
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी,
आणि तो पुलावर उभा,
येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळावर एकच गोल ठसा उमटवत.
अनंकिता समोर येते. हात उचलते.
हात त्याच्याकडे जात नाही,
स्वतःच्या गालाकडे वळतो.

वही इथे संपते.

मोजायची यंत्रं त्याच वर्षी आली.
पुढे काय गं, मी शाळेत असताना विचारलं, कॉलेजात विचारलं,
लग्नाच्या आदल्या रात्री मेंदी सुकवताना विचारलं.
एकदा म्हणाली, "शाई वाळली."
एकदा, "तुला काय वाटतं?"
एकदा नुसतं दार लावून घेतलं.

या नोव्हेंबरात तिला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं.
काउंटरवरच्या पोराने काच पुसली. अंगठा ठेवा, आजी.
लाल दिवा. पुन्हा ठेवा. तर्जनी ठेवा. लाल.
डावा हात. लाल.
एकतीस वर्षं नोटा मोजून
दाही बोटं गारगोटीसारखी गुळगुळीत,
एक रेघ शिल्लक नाही.
"सिस्टीमला तुम्ही सापडतच नाही," पोरगा म्हणाला
आणि आत्या हसली,
पदर तोंडाला न लावता,
अख्ख्या रांगेने मान वळवून बघावं इतकं.

मग काउंटरवरून पुढे वाकली,
त्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवली.
"नाव काय रे तुझं?"
त्याने छातीवरचं कार्ड दाखवलं.
"ते नाही," ती म्हणाली.

पोरगा गप्प.
माउस सुटला हातातून,
आणि काउंटरच्या लाकडावर, त्याचं त्यालाच न कळता,
त्याची बोटं वाजायला लागली,
तांबट आळीत वाजतं तशी नव्हे,
त्याहून हलकी, सम शोधणारी.

मागून कुणीतरी ओरडलं,
अहो, लाइन पुढे घ्या.